इनायतखानाची नक्कल : कामाच्या नोंदी

७ जून
पुढचं काम ठरलं. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात इनायतखानाचं जे रेखाटन आहे, त्याची मूळ आकारात नक्कल करायची. काळ १६१८, दरबार जहांगीरचा. शाईच्या रेषा आणि जागोजागी पातळ हात फिरवलेली शाई, बाकी रंग जवळजवळ नाहीच. आकार पोस्टकार्डाएवढा.

गेली काही वर्षं गिऱ्हाईकांसाठी बैठे सरदार करतोय. पाठीला लोड, कमरेला कट्यार, एका हातात फूल किंवा हुक्क्याची नळी, चेहरा एकचश्मी, म्हणजे एकच डोळा दिसेल असा बाजूनं. माणूस कोणताही असो, बैठक तीच. हे साचे हातात इतके बसलेत की आता हात आपोआप चालतो, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हे. म्हणून त्याच बैठकीतला, पण बैठक ज्याला पेलत नाही असा माणूस घ्यायचा ठरवलं.

याच प्रसंगाचं रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. बहुतेकांना ठाऊक असतं ते तेच. मी मुद्दाम रेखाटन घेतोय.

१० जून
आधी हकीकत नीट मांडून ठेवतो. चित्रापेक्षा ती आधी माहीत असली की हात वेगळा चालतो.

इनायतखान जहांगीरच्या जवळचा माणूस. अहदी म्हणजे बादशहाच्या खास चाकरीतल्या शिपायांचा तो बक्षी, म्हणजे त्यांचा पगार-हिशेब बघणारा अधिकारी होता. अफूची सवय, त्यात दारू. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात लिहितो की मुळात बारीक बांध्याचा हा माणूस सोसवेल त्याहून जास्त पिऊ लागला. हगवण लागली, दोन-तीनदा फेफऱ्यासारखे झटके आले. बादशहाच्या हुकमावरून हकीम रुकनानं औषधपाणी केलं, त्याचा उपयोग झाला नाही. मग खा-खा सुटली. दिवसातून एकदाच जेव असं हकीम सांगायचा, पण याला धीर धरवेना. शेवटी जलोदर झाला आणि अंग झडून गेलं.

आग्र्याला जायची परवानगी त्यानं मागितली, तेव्हा निरोपासाठी त्याला पालखीत घालून बादशहापुढे आणलं. जहांगीर बघून थक्क झाला. त्याचं म्हणणं असं की चित्रकार हडकुळा माणूस काढताना फार अतिशयोक्ती करतात, पण याच्या जवळपास जाईल असं काही आपण कधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं चित्रकारांना याचं चित्र काढायचा हुकूम दिला. खर्चासाठी दोन हजार रुपये दिले, अशा वेळी देवाचं नाव विसरू नकोस असं सांगितलं आणि रजा दिली. दुसऱ्या दिवशी इनायतखान गेला.

‘चित्रकारांना’ हे अनेकवचन लक्षात ठेवायला हवं. रेखाटनाचं आणि रंगीत चित्राचं श्रेय बऱ्याचदा दरबारी चित्रकार बालचंदला दिलं जातं, पण अभ्यासकांत एकमत नाही. माझ्या कामापुरतं मी त्याला ‘चित्रकार’ एवढंच म्हणणार.

१४ जून
वसली, म्हणजे चित्रासाठीचा जाड थरांचा कागद, तयार केला. हातकागदाचे ताव लेईनं एकावर एक चिकटवले. मैद्याच्या लेईत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. वाळल्यावर जाड काचेवर उपडी घालून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटली.

कागदाच्या बाबतीत आपण नशीबवान. दौलताबादेजवळचं कागझीपुरा, जुन्नर, खुद्द पुण्यातला कागदीपुरा, ही सगळी कागद करणाऱ्यांची जुनी ठिकाणं. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद अजून शाई धरून आहेत ते काही उगीच नाही. माझा कागद आजचा आहे, पण चिंधीचा, त्यामुळे घोटाई चांगली घेतो.

घोटाईबद्दल उस्तादजी एकच गोष्ट सांगायचे: कागद चमकला म्हणजे झालं असं समजू नकोस, त्यावरून बोट फिरव. बोटाला कागद कळेनासा झाला की थांब. जयपूरला त्यांच्याकडे शिकत असताना हे ऐकून वैताग यायचा. आता मीही पोरांना हेच सांगतो.

१५ जून
पाऊस. वसलीच्या कडा उचलल्या. वजनाखाली ठेवली. आज काम नाही.

१९ जून
खाका, म्हणजे चित्राचा ठिपक्यांनी उतरवलेला आराखडा. जुन्या कारखान्यांत यासाठी चरबा वापरत, म्हणजे हरणाच्या कोवळ्या कातड्याचा पारदर्शक पापुद्रा. चित्रावर ठेवून रेषा उतरवायच्या, सुईनं बारीक भोकं पाडायची आणि कोळशाची पूड भरलेली पुरचुंडी त्यावरून हलकेच आपटायची. खालच्या कागदावर ठिपक्यांची रेघ उमटते. एकाच सरदाराची चित्रं पिढ्यान्‌पिढ्या सारखी दिसतात त्यामागे ही भोकं आहेत. चेहरा एकदा ‘बसला’ की तो माणूस म्हातारा झाला तरी खाका तरुणच राहायचा.

मी ट्रेसिंग पेपर वापरला. संग्रहालयानं चित्राची मोठी प्रत सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवली आहे, ती मूळ मापात छापून घेतली.

ठिपके उमटल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. नेहमीच्या सरदाराचा खाका आधी माणसानं भरतो, मग लोड, मग गालिचा. इथे ठिपक्यांची दाटी लोडांत आणि कपड्यांच्या घड्यांत आहे. माणूस म्हणजे मधली जवळजवळ मोकळी जागा.

२२ जून
शाई. तिळाच्या तेलाचा दिवा, वर मातीची पणती पालथी, तिला धरलेलं काजळ. काजळ तेलकट असतं, पाण्यात मिसळायला तयार नसतं, तरंगत राहतं. डिंकाच्या पाण्याचे थेंब घालत खलात घोटत बसायचं. बाभळीचा डिंक कमी पडला तर अकीक फिरवताना रेषा पुसते, जास्त झाला तर वाळल्यावर ती चकाकते आणि पुढे तडकते. आजची शाई जरा उग्र वाटली म्हणून थोडी वेगळी काढून तिचे तीन हात केले : एक गडद, एक मधला आणि एक इतका पातळ की कागदावर वाळल्यावरच दिसावा. छातीसाठी हा तिसराच लागणार.

कुंचल्याबद्दल पोरं हमखास विचारतात : एका केसाचा असतो ना? नसतो. एका केसात शाई राहतच नाही. खारीच्या शेपटीच्या केसांचा झुबका कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवत. झुबका शाई धरतो आणि टोकाचा एखाद-दुसरा केस रेषा काढतो. मी कृत्रिम केसांचा ‘तीन शून्य’ क्रमांकाचा बारीक ब्रश वापरतो. मुंगसाच्या केसांचे ब्रश कायद्यानं बंद आहेत आणि ते बरंच झालं.

२७ जून
रेषेला सुरुवात. सवयीप्रमाणे चेहऱ्यापासून सुरू करणार होतो, पण १९ तारखेचा खाका डोळ्यांपुढे होता, म्हणून लोड आधी घेतले.

हा निर्णय योग्य ठरला. लोडाची वरची कड एकाच श्वासात काढावी लागते. ती जरा ढिली पडली तर लोड मऊ होतो आणि त्यावर रेललेला माणूस खाली घसरतो. दरबारी चित्रात लोड हा मानाचा भाग. सरदार त्याला नुसता स्पर्श करून बसतो, कणा स्वतःच्या जोरावर ताठ. इथे कण्यात जोर उरलेला नाही, सगळं वजन लोडावर आहे. म्हणजे वजन किती आहे ते लोडातूनच कळणार. शरीराचं वजन इतकं कमी की लोड फारसा दबलेलाही नाही. तो गच्च, गुबगुबीत, खाऊनपिऊन सुखी.

लोड झाल्यावर दिवसभर दुसरं काही केलं नाही.

३० जून
रविवार. ताई आली होती, माझी मावसबहीण. सरकारी रुग्णालयात मेडिसिनची डॉक्टर होती, आता निवृत्त आहे. टेबलावर छापील प्रत होती. मी काही सांगायच्या आत तिनं चष्मा वर केला आणि वाकून बघायला लागली.

“कोण रे हा?”

“जहांगीरचा एक सरदार. अफू आणि दारू.”

“कानशील बघ किती खोल गेलंय. आणि गळ्याखालच्या या खळग्या. याला जेवण लागतच नव्हतं अंगी.” मग जरा थांबून, “पोटात पाणी होतं का?”

मी म्हटलं, जहांगीरनं जलोदर लिहिलाय.

“मग हे लोड शोभेचे नाहीत बाबा. पाणी झालेल्या माणसाला आडवं झोपवलं की धाप लागते. आम्ही पाठीशी उशा लावून बसवून ठेवायचो. रात्र-रात्र बसून काढतात बिचारे.”

ताईचं निदान चारशे वर्षं उशिराचं आहे आणि छापील प्रतीवरून केलेलं आहे, हे ती स्वतःच हसत म्हणाली. पण मला हवं होतं ते मिळालं. या चित्रात दरबाराची रीत आणि आजाऱ्याची गरज एकाच जागी आली आहे. तेच लोड, तीच बैठक. सरदार म्हणून तो असाच बसला असता आणि रोगी म्हणून त्याला असंच बसवावं लागलं.

जाताना म्हणाली, “हे घरात लावू नकोस हं.”

२ जुलै
चेहरा. एकचश्मी, डोक्यावर दरबारी पगडी नाही, साधी टोपी. जहांगीरकालीन चित्रकारांचं सगळं कसब बाजूच्या चेहऱ्यात एकवटलेलं असतं. कपाळापासून हनुवटीपर्यंतची एक रेषा, आणि तीत माणूस ओळखू आला पाहिजे. बादशहाची नजरही तशीच तयार होती. एकाच चित्रात अनेकांनी चेहरे काढले असतील तर कोणता कोणाचा ते मी सांगू शकतो, आणि चेहरा एकाचा व डोळा-भुवई दुसऱ्याची असेल तर तेही ओळखतो, अशी बढाई त्यानं लिहून ठेवली आहे. असा माणूस शेजारी उभा असताना अतिशयोक्ती करायची कोणाची छाती होणार?

नाकाची कड गडद शाईत, ओठ मधल्या शाईत. डोळा उद्या.

३ जुलै
डोळा झाला. पापणीच्या रेषेला एकदाच हात लावला.

६ जुलै
छाती. या कामाची खरी परीक्षा इथे होती.

अंगरखा उघडा आहे आणि बरगड्या दिसतात. बरगडी काढायचा सोपा मार्ग म्हणजे एकाखाली एक अशा कमानी. तसं केलं की माणूस जाऊन सांगाडा उरतो, आणि सांगाडा काढणं कोणालाही जमतं. मूळ रेखाटनात बरगड्या कातडीच्या आत आहेत. हाड जिथे कातडीला आतून ढकलतं तेवढीच जागा उजळ सोडून तिच्याभोवती तो सगळ्यात पातळ हात, तोही परदाजच्या, म्हणजे छटा भरायच्या बारीक, आकाराच्या वळणानं जाणाऱ्या फटकाऱ्यांनी. फटकारा वेगळा दिसता कामा नये. एक थर, वाळू द्यायचा, परत एक.

हात म्हणजे दोन काड्या. दंडापेक्षा कोपर जाड. इथे रेषा जरा कोरडी ठेवली.

करताना सतत जाणवत होतं की चित्रकारानं दया दाखवलेली नाही, टवाळीही केलेली नाही. दया दाखवायची तर डोळा ओला करता आला असता, टवाळीला तर खांदेही पुरले असते. त्यानं एकेक हाड मोजत लक्ष दिलंय. मरायला टेकलेल्या माणसाकडे एवढा वेळ टक लावून बघत बसणं हे कुठल्या जातीचं काम, हा प्रश्न मला गेले काही दिवस सतावतोय.

७ जुलै
कालच्या प्रश्नावर थोडं.

१६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदारानं गोव्याहून जहांगीरला काही अजब पशुपक्षी आणून दिले, त्यांत टर्की कोंबडा होता. पोर्तुगीजांमुळे आलेला, इकडे कोणी न पाहिलेला. जहांगीर लिहितो की बाबरानं कित्येक प्राण्यांची वर्णनं केली, पण चित्रकारांना त्यांची चित्रं काढायला सांगितलं नसावं. हे प्राणी माझ्या नजरेला फार विलक्षण वाटले म्हणून मी वर्णनही लिहिलं आणि चित्रंही काढवली, म्हणजे ऐकून जे नवल वाटेल ते बघून वाढेल. दरबारी चित्रकार मन्सूरनं काढलेला तो कोंबडा आजही बघायला मिळतो, गळ्याच्या लोंबत्या कातडीची एकेक सुरकुती मोजून घ्यावी असा.

सहा वर्षांनी त्याच बादशहाला तेवढंच नवल इनायतखानाचं वाटलं, आणि हुकूमही तोच दिला. फरक एवढाच की कोंबड्याला आपण दिसतोय हे माहीत नव्हतं.

हे वाचून बादशहाचा राग येतो. मलाही आला. पण याच आत्मवृत्तात तो स्वतःबद्दल काय लिहितो तेही बघावं. तरुणपणी तो दिवसाला दोनदा गाळलेल्या दारूचे वीस पेले घेई. हात इतके कापायचे की पेला दुसऱ्या कोणीतरी तोंडाला लावायचा. हकीम हुमामनं साफ सांगितलं, तेव्हा हळूहळू कमी केली. अफू सुटली नाही.

धाकटे दोघे भाऊ दारूनंच गेले. मुराद १५९९ मध्ये इकडे आपल्या मुलुखात, पूर्णेच्या काठी. चांदबिबीच्या अहमदनगरला वेढा घालणारा तोच हा मुराद. दानियाल बऱ्हाणपुरात. त्याच्यावर पहारा बसवला होता, तर चाकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू चोरून आणली. नळीतला गंज तीत उतरला. ही गोष्टही जहांगीरनंच लिहिली आहे. पालखीतून उतरवलेल्या इनायतखानाकडे बघताना त्याच्या मनात काय आलं हे त्यानं लिहिलेलं नाही. माझ्यापुरतं, हा माणूस अपरिचित जनावराकडे बघत नव्हता.

११ जुलै
कपडे आणि पांघरूण. एकदम सुटं काम. इथे रेषा वाहती, लांब, घाईची. मूळ चित्रकारानं चेहरा-छातीवर जी कंजूसगिरी केली ती इथे सैल सोडली आहे. हुकूम अजब शरीराचा होता, कापडाचा नव्हता. माझाही हात आज मोकळा झाला. चहा दोनदा गार झाला.

१३ जुलै
रेखाटन की रंगीत, याबद्दल आज एका विद्यार्थ्याशी वाद. त्याचं म्हणणं : बोडलियनचं चित्र पूर्ण, हे अपुरं, मग नक्कल अपुऱ्याची का?

दोन्ही शेजारी ठेवून त्याला दाखवलं. रंगीत चित्रात मागे भिंत आली, भिंतीत कोनाडे आले, कोनाड्यांत बाटल्या. सगळं आडव्या-उभ्या चौकटींत नीट बसवलंय. रोगट शरीर त्या नीटनेटकेपणात आणखी विस्कटलेलं वाटतं. मांडणी फार हुशारीची आहे, अगदी निवांत बसून विचार करून केलेली. बाटल्यांचं तर जवळजवळ भाष्यच होतं : यानं हे पिलं म्हणून हा असा झाला.

रेखाटनात भाष्याला जागा नाही. ते त्या माणसासमोर बसून, घाईत, कदाचित त्याला पालखीत परत घालायच्या आधी काढलेलं असावं असंच वाटतं. माझा तर्क आहे, पण रेषा हातानं गिरवली की असे तर्क बळावतात. कापडावरची घाई आणि छातीवरची सबुरी एकाच बैठकीतली आहे.

विद्यार्थ्याला पटलं नाही. त्याला रंगीत चित्राची नक्कल करायला सांगितली आहे.

१७ जुलै
आषाढी. सुट्टी.

२० जुलै
शेवटचा हात. पुन्हा मागून घोटाई, अगदी हलकी. शाई कुठे पुसली नाही, म्हणजे डिंक बरोबर होता.

चेहऱ्याच्या कडेला गडद शाईचा एक फटकारा वाढवायचा मोह होत होता, ‘उठाव’ यावा म्हणून. नाही वाढवला. बैठे सरदार करताना हा उठाव मी नेहमी देतो, गिऱ्हाईकाला आवडतो. इथे त्यानं चेहरा कागदापासून सुटा झाला असता.

२३ जुलै
हाशिया करायचा नाही असं ठरलं. मुघल चित्रसंग्रहांत असल्या चित्रांभोवती सोन्याच्या वेलबुट्टीची रुंद पट्टी असते आणि तिथे ती शोभते. पण मी दरबारासाठी काम करत नाही. साधा जाड पुठ्ठा, काच आणि चित्र यांच्यात अंतर. पावसाळा संपेपर्यंत काचेत घालायचं नाही, नाहीतर ओल आत अडकून बुरशी धरते.

पाठीवर शाईनं लिहिलं : ‘नक्कल. मूळ रेखाटन बॉस्टन येथे, जहांगीरकालीन, १६१८. कागद व शाई आजची.’ खाली सही आणि तारीख. हे पाठीवर पेन्सिलीनं लिहायची पद्धत आहे, पण पेन्सिल खोडता येते. जुन्या दिसणाऱ्या कागदावरच्या चांगल्या नकला बाजारात फिरून अस्सल होऊन परत येतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.

खाका फाडला नाही, विद्यार्थ्याला दिला. लोडांपासून सुरू कर, एवढंच सांगितलं.